आधी फूटपट्टी, मग पाना: इलेक्ट्रिक कारला एक माप मोठे टायर

सुदामा नगर असो की राजेंद्र नगर, इंदूरच्या कॉलनीत प्रत्येक गल्लीने आपापल्या हौसेने गतिरोधक घातलेले आहेत. पेट्रोलची गाडी त्यावर घासली तर फार तर सायलेन्सर वाजतो. इलेक्ट्रिक कारचे पोट म्हणजे बॅटरीचे खोके, त्यामुळे तो 'खर्र' आवाज ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. मग पहिला विचार येतो तो जरा मोठे टायर घालून गाडी उचलण्याचा.

त्यातून उंची किती मिळते ते आधी बघा. टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते, कारण उरलेली निम्मी वाढ धुरीच्या वर, मडगार्डच्या बाजूला जाते. व्यास १२ मिलिमीटरने वाढला तर गाडी ६ मिलिमीटर उचलली जाते, म्हणजे दोन पार्ले-जी एकावर एक ठेवावीत तेवढीही नाही.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू देता येते. म्हणजे पूर्ण झिजलेला टायर काढून त्याच मापाचा नवा घातला तरी गाडी साधारण सहा मिलिमीटर वर येते. मोठे टायर घातल्यावर 'काय उचलली गाडी!' असे जे वाटते, त्यातला अर्धा वाटा नुसत्या नव्या नक्षीचा असतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: चालू टायरमध्ये निम्मी नक्षी शिल्लक असेल तर ते काढू नका. टायर बदलायची वेळ आलीच असेल, तेव्हाच एक माप मोठ्याचा विचार करा.

मापाचा हिशेब

नेक्सॉन ईव्हीचे उदाहरण घेऊ. तिचे माप २१५/६० आर १६. यात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १६ ही रिम इंचात. भिंत २१५ च्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. रिम १६ गुणिले २५.४, म्हणजे ४०६.४. वर-खालच्या दोन्ही भिंती मिळवल्या की व्यास ६६४.४ मिलिमीटर.

आता पर्याय. २२५/६० आर १६ चा व्यास येतो ६७६.४, म्हणजे १२ मिलिमीटर किंवा १.८ टक्के जास्त. २०५/६५ आर १६ चा ६७२.९, म्हणजे १.३ टक्के जास्त, आणि टायर अरुंद असल्याने बॅटरीला हलका. २१५/६५ आर १६ चा थेट ६८५.९, वाढ ३.२ टक्के. टायरच्या धंद्यात तीन टक्क्यांपर्यंत चालते असा ठोकताळा आहे, पण इलेक्ट्रिक कारसाठी आम्ही दोन टक्क्यांवरच थांबतो. त्यापुढे रेंज आणि मीटर दोन्ही बिघडतात आणि हाती जास्तीचे चार-पाच मिलिमीटर येतात.

टियागो ईव्हीचे १७५/६५ आर १४ हे माप ५८३.१ मिलिमीटरचे. तिला १८५/६५ आर १४ घातले तर व्यास १३ मिलिमीटरने वाढतो. गाडी लहान असल्यामुळे ही वाढ २.२ टक्के होते. एवढे फार तर चालवून घेता येईल, पण पुढे दिलेली जागेची तपासणी तिथे दुप्पट काटेकोर करावी लागते.

रिम मोठी करण्याच्या भानगडीत पडू नका. २१५/५५ आर १७ घातले तर व्यास जेमतेम ४ मिलिमीटर वाढतो, आणि भिंत मात्र १२९ वरून ११८ वर येते. म्हणजे पैसे जास्त, वजन जास्त आणि खड्ड्यात रिम वाकण्याची सोय आपणच केलेली. जुनीच रिम ठेवायची असेल तर तिच्या आतल्या बाजूला कोरलेली रुंदी वाचा. '६.५ जे' असे काहीतरी दिसेल. २२५/६० आर १६ साठी सहा ते आठ इंच रुंदीची रिम मान्य आहे, त्यामुळे साडेसहाच्या रिमवर तो नीट बसतो. रिम यापेक्षा अरुंद असेल तर टायर फुगून गोल होतो, मधोमध झिजतो आणि वळणावर गाडी डुलते.

मापापेक्षा मोठा आकडा: वजनाचा

मापाच्या पुढे '९५ एच' किंवा '८२ टी' असे लिहिलेले असते. इलेक्ट्रिक कारमध्ये घोटाळा होतो तो इथेच. ९५ म्हणजे एका टायरची वजन पेलण्याची मर्यादा ६९० किलो, ८२ म्हणजे ४७५, ९८ म्हणजे ७५०. अक्षर वेगाचे: टी ताशी १९०, एच ताशी २१० किलोमीटर. नव्या टायरचा आकडा आणि अक्षर जुन्यापेक्षा कमी असता कामा नये, जास्त असले तर हरकत नाही. त्याच मापात हलक्या पेट्रोल गाडीसाठी केलेला कमी आकड्याचा टायरही मिळतो आणि स्वस्त पडतो. दुकानदार 'माप तर सेम है भिया' म्हणेल. माप सारखेच असते, पण वजन पेलायची ताकद सारखी नसते.

काही टायरवर 'एक्सएल' लिहिलेले असते. ते जास्त वजनाचे असतात, पण जास्त हवेवरच. साधा टायर आपली पूर्ण ताकद ३६ पीएसआयला दाखवतो, एक्सएल ४२ ला. एक्सएल ९९ मध्ये ३६ च हवा भरली तर तो साध्या ९५ एवढेच वजन पेलतो. नाव एक्सएल आणि हवा जुनीच, तर जास्तीचे पैसे वाया.

विकत घेताना भिंतीवर आयएसआयचे चिन्ह आणि टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे बघा. १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर दुसरा मागा. कमी घर्षणाचा टायर मिळाला तर आधी तो घ्या. काही टायरांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार लेबल असते. मापातल्या दहा मिलिमीटरच्या फरकापेक्षा रबराच्या जातीचा फरक रेंजला जास्त जाणवतो.

जागा आहे का?

हे काम दुकानात जाण्यापूर्वी घरी करायचे. गाडी सपाट फरशीवर, हवा नेमकी, डिक्की रिकामी.

पुढच्या चाकात तीन ठिकाणी अडते: आतल्या बाजूला स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा उभा खांब) आणि स्प्रिंगची बशी, चाक पूर्ण वळल्यावर लायनरचा, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाचा, मागचा कोपरा, आणि वर मडगार्डची कडा. यात सर्वांत अवघड जागा स्ट्रटची. पुष्कळ गाड्यांत स्प्रिंगची बशी टायरच्या खांद्याच्या (नक्षी संपून भिंत सुरू होते ती कड) अगदी जवळ असते. तिथे टायर घासला तर आवाज येत नाही, आतून भिंत कापत जाते आणि कळते ती फुटल्यावर. टायर आणि स्ट्रट यांच्यात आत्ता बोट जाते का बघा. तर्जनी साधारण १५ मिलिमीटर जाड असते. २२५ चा टायर त्याच रिमवर सुमारे सात मिलिमीटर रुंद होतो, म्हणजे आतल्या बाजूला साडेतीन मिलिमीटर सरकतो, शिवाय वर सहा मिलिमीटर चढतो. बदलानंतर किमान आठ मिलिमीटर उरली पाहिजे.

नुसत्या नजरेवर विसंबू नका, टायर 'जाड' करून बघा. खोक्याचा पुठ्ठा साधारण तीन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे हातभर लांबीचे तुकडे कापा. दोन थर टायरच्या वरच्या नक्षीवर, एक थर आतल्या खांद्यावर, कागदी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. स्ट्रट आणि लायनरवर, म्हणजे समोरच्या बाजूला, ओल्या शाडूच्या गोळ्या दाबा. गणपतीतून उरलेली शाडू असेल तर तीच, नाहीतर मुलांची क्ले. आता एकाने सीटवर बसून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायचे. दुसऱ्याने लांबून टॉर्चच्या उजेडात बघायचे, हात आत घालायचा नाही. इलेक्ट्रिक गाडी 'रेडी'त असली तरी आवाज करत नाही, म्हणून गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला आणि दोघांमध्ये 'थांब' हा एकच शब्द ठरलेला. शाडू जिथे दबली तिथे नवा टायर लागणार.

ही झाली उभी गाडी. खरी परीक्षा स्प्रिंग दबल्यावर. पुठ्ठा काढा, शाडू तशीच ठेवा, चार माणसे आणि डिक्कीत सामान घेऊन कॉलनीच्या गतिरोधकावरून पायी चालण्याच्या गतीने जा. जुन्या टायरने शाडू जिथे दाबली तिथे तिची किती जाडी उरली ते मोजा. त्यातून वाढलेले सहा मिलिमीटर वजा करा, बाकी किमान दहा उरायला हवी. भेरूघाटातल्या वळणावर ब्रेक दाबत गाडी वळते तेव्हा पुढचे स्प्रिंग दबलेले असते आणि चाकही वळलेले असते. घासायचा टायर तिथेच घासतो, सपाट सुपर कॉरिडॉरवर कधीच नाही.

माळव्याच्या काळ्या मातीचाही हिशेब धरा. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गेलात की ही चिकण माती लायनरला थापली जाते, वाळली की विटेसारखी होते. लायनर आणि टायर यांच्यात वीस मिलिमीटर नसतील तर तीच माती टायरला कानस लावते.

घासते आहे म्हणून लायनर कापू नका, काढून तर मुळीच टाकू नका. त्याच्या मागे वायरिंग आणि शीतकाच्या नळ्या असू शकतात. केशरी रंगाची केबल दिसली तर ती उच्च दाबाची आहे, तिच्याजवळ हत्यार न्यायचे नाही. स्पेसरची चकती घालून चाक बाहेर सरकवणे हाही उपाय नाही. त्याने बेअरिंगवर भार वाढतो आणि मडगार्डची कडा टायरवर येते. जागा नसेल तर माप लहान घ्या, विषय संपला.

दुकानात

सर्वांत मोठे नुकसान टायरने होत नाही, जॅकने होते. पंक्चरवाला सवयीने ट्रॉली जॅक गाडीच्या पोटाखाली मध्येच सरकवतो. तिथे बॅटरीचे खोके आहे. त्याला पोचा पडला तर आतले सेल दबू शकतात, आणि दुरुस्ती म्हणजे अनेकदा पूर्ण पॅकचीच गोष्ट. दाराखालच्या पट्टीवर कंपनीने खुणा केलेल्या चार जागा असतात, जॅक फक्त तिथे. घरूनच त्या जागांवर खडूने फुली मारून न्या आणि मध्ये खाच असलेला रबरी ठोकळा सोबत ठेवा. दोन खांबांच्या लिफ्टवर घेतली तर चारही हातांची रबरे बॅटरीच्या कडेपासून लांब आहेत हे वाकून बघितल्याशिवाय वर उचलू देऊ नका. ओळखीच्या मिस्त्रीलाही हे सांगायला लाजू नका.

गाडी बंद, किल्ली तुमच्या खिशात. आता क्रम असा. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, मग उचलायची. टायर काढताना हवेच्या सेन्सरची गाडी असेल तर आधीच सांगा: सेन्सर व्हॉल्वच्या मुळाशी बसलेला असतो आणि मशीनचा फाळ नेमका तिथे लागला की तुटतो. फाळ व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने सुरू करायला लावा. रबरी व्हॉल्व असेल तर नवा घालाच, चार व्हॉल्व वाचवून कोणी श्रीमंत होत नाही. रिमची कडा तारेच्या ब्रशने साफ करून मगच टायर चढवायचा, नाहीतर तिथून हवा हळूहळू जाते. नक्षीवर बाण असेल तर फिरण्याची दिशा, 'आउटसाइड' असेल तर ती बाजू बाहेर.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. पुढे मोठे आणि मागे जुने असे केले तर चाकांच्या फेऱ्यांत कायमचा फरक राहतो. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि गाडी सावरणारी यंत्रणा त्या फरकावरूनच चाक घसरतेय की नाही ते ठरवते. मग नको तिथे दिवा पेटतो, किंवा हवा तिथे ब्रेक उशिरा सावरतो.

बॅलन्सिंग चारही चाकांचे करा. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पेट्रोल गाडीत जे कंपन कळलेही नसते ते इथे ताशी ८०-९० ला स्टीअरिंगमध्ये जाणवते. टायर मोठे केल्याने अलाइनमेंट बिघडत नाही, पण नव्या टायरवर ते तपासून घेणे शहाणपणाचे. जुना टायर आतल्या कडेने जास्त झिजला असेल तर ते करावेच लागते.

नट हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. बंदुकीने फक्त टेकवायचे, शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, चांदणीच्या आकारात समोरासमोर. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, या गटातल्या गाड्यांत तो बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा पान्याने तपासा.

स्टेपनी असेल तर तीही बघा. मोठा टायर डिक्कीतल्या खड्ड्यात मावतो का? मावत नसेल तर जुन्या मापाची स्टेपनी ठेवा आणि ती लागली तर हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच न्या.

हवा

सुरुवात ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याने करा, त्याखाली कधीच जाऊ नका. टायर मोठा आहे म्हणून थोडी कमी चालेल, असे मऊपणाच्या मोहाने करू नका. हवा कमी म्हणजे भिंत जास्त वाकते, टायर तापतो, रेंज जाते. एक्सएल असेल तर स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त, भिंतीवरच्या कमाल आकड्याच्या आत.

हवा थंड टायरला बघायची. तापमान पाच-सहा अंशांनी बदलले की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात दुपारी चारला भरलेली ३५ ही माळव्याच्या रात्री उतरते, आणि डिसेंबरच्या सकाळी तर ३० च्याही खाली दिसू शकते. म्हणून सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना बघा. सेन्सर नसलेली, चाकांच्या फेऱ्यांवरून हवा ओळखणारी गाडी असेल तर नवे टायर घालून हवा भरल्यावर मेनूत जाऊन रीसेट करा, नाहीतर ती जुन्याच व्यासाशी तुलना करत बसेल.

मीटर आणि रेंज

२२५/६० घातल्यावर मीटरला वाटते चाक जुनेच आहे. तुम्ही १०० किलोमीटर चालता, ते ९८.२ मोजते. मीटर अचूक असते तर ८० दाखवताना खरा वेग ८१.४ असता. कंपन्या मीटर मुद्दाम थोडे पुढे ठेवतात, त्यामुळे बहुधा नवा आकडा खऱ्याच्या जवळ येतो, पण गृहीत धरू नका. बायपासवर सरळ रस्ता बघून मोबाइलच्या जीपीएसशी ६० आणि ८० ला ताडून घ्या. आकडा शेजारच्याने वाचायचा.

रेंज घटल्याचे दिसते त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. समजा गाडी युनिटला ७ किलोमीटर द्यायची आणि मोठ्या टायरने खरोखर तीन टक्के खर्च वाढला. खरा आकडा ६.८. पण मीटर अंतरच कमी मोजते, म्हणून पडद्यावर ६.७ दिसते. पडद्यावरचे अंतर १.०१८ ने गुणा, मग तुलना करा.

पहिल्या पाचशे किलोमीटरवर निकाल देऊ नका. नव्या टायरची उंच नक्षी जास्त वाकते आणि जास्त वीज खाते. रबर बसल्यावर आकडा सुधारतो. तोपर्यंत पृष्ठभागावर साच्याचे तेलकट आवरणही असते, पावसात तर पहिले दोनशे किलोमीटर ब्रेक जपून. चाचणी घ्यायची तर तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग, एसीही तसाच. राऊपासून मांगलियापर्यंत बायपासने जाऊन परत या, म्हणजे वारा आणि चढ-उतार दोन्ही दिशांनी समान होतात.

कागदांची बाजू

मोटर वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे. कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकारात जे माप दिले आहे ते निवडले तर प्रश्न येत नाही. त्याबाहेर जायचे असेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या, विशेषतः बॅटरी आणि मोटरच्या वॉरंटीबद्दल, आणि विमा कंपनीला ईमेल करून ठेवा. तोंडी 'हो, चलता है' याला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

हजार किलोमीटरनंतर, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा, चाक पूर्ण वळवून आतल्या खांद्यावरून बोट फिरवा. रबर गुळगुळीत, चकचकीत किंवा धाग्यासारखे निघालेले लागले तर तो टायर त्या जागेत राहणार नाही. त्याच दिवशी काढा.